देव्हाऱ्यातला ब्रश

गुढीपाडव्याच्या दिवशी आमच्याकडे श्रीखंडात केस निघाला, आणि तोही नेमका माझ्या सासूबाईंच्या वाटीत. माझ्या वाटीत निघाला असता तर मी गुपचूप काढून टाकला असता. सत्यजीतच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या वाटीत निघाला असता तर त्याने तो केशराबरोबर खाऊनही टाकला असता. पण आईंचं तसं नाही. त्यांनी केस चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात नेला, उलटसुलट पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

केस पांढरा होता, मऊ होता आणि पिंजूचा होता. पिंजू हा आमचा पामेरियन. खरं तर माझ्या बाबांचा. पिंजलेल्या कापसासारखा दिसतो म्हणून बाबांनीच त्याचं नाव पिंजू ठेवलं होतं. बाबा गेले, भावाने पेणचं घर भाड्याने द्यायचं ठरवलं, आणि पिंजूचं काय, यावर कुणीच बोलेना. तेव्हा मी त्याला मांडीवर घेतलं, एस.टी.च्या कंडक्टरशी भांडले आणि त्याला थेट नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. घरी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, एवढी अक्कल मला होती. बाबांच्या हातचं, चालतंबोलतं असं माझ्याकडे तेवढंच उरलं होतं, आणि ते मी कुणाला देणार नव्हते.

"कीर्ती," आई म्हणाल्या, "चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ताई पुण्याहून येणार आहे. तिच्या नजरेला या घरात कुत्र्याचा एक जरी केस पडला, तर त्याच संध्याकाळी पिंजू बळीरामकडे जाईल. मी त्याला सांगून ठेवते."

बळीराम आमचा दूधवाला. विचुंब्याला त्याचा गोठा होता. आईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखरच त्याच्यापाशी विषय काढला. तो दारात किटली टेकवून म्हणाला, "द्या की वयनी. आमच्याकडं चार हायत, पाचवा काय जड नाय. गोठ्यावर राहील, राखन करंल."

पालीला घाबरून माझ्या पदरात शिरणारा पिंजू म्हशींची राखण करणार होता. मी दूध घेतलं आणि दार जरा जोरातच लावलं.

आता ताई, म्हणजे सत्यजीतची शशीमावशी. आईंची थोरली बहीण. दुसऱ्याच्या घरी गेली की आधी खिडकीच्या कडेवरून बोट फिरवणार आणि मग चप्पल काढणार. तिच्यापुढे आईंचं आयुष्यभर कधी काही चाललं नाही. रांगोळी तिची चांगली, पुरणपोळी तिची मऊ, मुलगे तिचे अमेरिकेत. एकाच बाबतीत आई वरचढ होत्या. शशीमावशीचे केस कधीच कापसासारखे झाले होते आणि आईंचे मात्र काळेभोर. "माझे केस आमच्या आईवर गेलेत," असं आई चारचौघांत म्हणायच्या आणि मावशी गप्प बसायची. तेवढ्यापुरतीच काय ती गप्प बसायची.

दर रविवारी दुपारी आई बाथरूमचं दार लावून बराच वेळ आत असत. बाहेर येत तेव्हा मानेवर एखादा काळा ओघळ राहिलेला असे, आणि कचऱ्याच्या डब्यात वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळलेलं काळ्या मेंदीचं पाकीट. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी मिळून ते कधीच पाहिलं नव्हतं.

तर चैत्र सुरू झालेला, उकाडा वाढलेला आणि पिंजूचे केस गळायचे दिवस. वारा तळोज्याकडून आला की कारखान्यांच्या वासामुळे खिडक्या लावून घ्याव्या लागत, आणि वरून पंखा फुल. केस बाहेर जाणार कुठे? ते घरातच फेऱ्या मारत आणि शेवटी आमच्या मरून मखमली सोफ्यावर येऊन बसत. मखमलीत केस एकदा शिरला की तो तिथलाच होतो. मी केरसुणी वापरून पाहिली, ओलं फडकं फिरवलं, कंगवासुद्धा. सोफा विंचरणारी बाई म्हणून शेजारी मी तेवढ्यात प्रसिद्धही झाले.

अशा वेळी दारात भावेश नावाचा सेल्समन उभा राहिला. भर उन्हात टाय लावलेला, हातात खोकं. घरोघरी जाऊन व्हॅक्यूम क्लीनर विकायचे दिवस होते ते. मी एरवी अशा लोकांना दारातूनच वाटेला लावते, पण त्या दिवशी मी त्याला पाणीसुद्धा दिलं.

त्याने यंत्रात पांढरा कागद घातला, आईंच्या गादीवर नळी फिरवली आणि राखाडी झालेला कागद त्यांच्या नाकासमोर धरला. "आई, हे बघा. ह्याच्यावर तुम्ही रोज झोपता."

"तुझ्या घरच्या गादीचा कागद आणलास का बरोबर?" आईंनी विचारलं. "आण. मग बोलू."

मी मध्ये पडले. "कुत्र्याचे केस निघतात का, तेवढं सांग."

"मॅडम, सगळं निघतं. प्रत्येक कामाला वेगळी अटॅचमेंट आहे." त्याने खोक्यातून काळ्या प्लॅस्टिकचे एकेक भाग काढून जमिनीवर मांडले. रुंद, चपटे, लांब, गोल. आई त्यांना लगेच नळीची तोंडं म्हणाल्या, आणि आमच्या घरात ती तोंडंच राहिली. मी यंत्र ठेवून घेतलं.

सत्यजीत न्हावा शेवाला एका शिपिंग कंपनीत कामाला. रात्रंदिवस कंटेनरवरचे आकडे वाचायची सवय, त्यामुळे यंत्राबरोबर आलेली पुस्तिका त्याने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. तोंडांवरच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मात्र काढू देईना. "नवीन आहे, खराब होईल," असं म्हणायला लागला. मी त्या फाडल्या.

रुंद तोंडाने सोफ्याचं कव्हरच गिळायला सुरुवात केली. ते आम्ही दोघांनी ओढून काढलं. चपट्या तोंडाने केसांना हातही लावला नाही, पण सोफ्याच्या फटीतून आईंची हरवलेली कुडीची फिरकी गट्ट केली. ती शोधायला आम्ही गॅलरीतल्या फरशीवर धुळीची पिशवी उलटी करून बसलो. फिरकी मिळाल्यावर आई खूश झाल्या, पण केस होते तिथेच. शेवटी एक छोटं गोल तोंड उरलं, कडेने राठ केसांचा ब्रश असलेलं. पुस्तिकेत ते पुस्तकांसाठी आणि कोरीवकामासाठी म्हणून दिलं होतं. मी सहज सोफ्याच्या एका कोपऱ्यात फिरवलं, आणि केसांच्या गुंडाळ्या सुटून भराभर आत जायला लागल्या. मखमल दिसली. खरं सांगते, लग्नात सोफा आला तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता. उशीर झाला होता, म्हणून बाकीचा सोफा उद्या, असं म्हणून मी झोपले.

दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजमधून घरी आले, मी टेलिफोन खात्यात होते, आणि पाहते तर खोक्यात बाकीची सगळी तोंडं होती, ब्रश नव्हता. तो देव्हाऱ्यात होता. घंटेच्या शेजारी, व्यवस्थित उभा, आणि त्याच्या काळ्या प्लॅस्टिकवर हळदीकुंकवाचं बोट.

"किती छान आहे गं हे," आई म्हणाल्या. "देव्हाऱ्याच्या नक्षीत, अन्नपूर्णेच्या मुकुटात अडकलेली धूळ कशी सरसर निघाली. गौरीच्या पायऱ्यांनाही हेच वापरणार. आता हे देवाचं. दुसरीकडे कुठे लावायचं नाही, सांगून ठेवते."

मी त्यांना काय सांगणार होते? की आई, या ब्रशानेच पिंजूचे केस निघतात, काल रात्रीच काढले? म्हणजे कुत्र्याच्या केसांतून फिरलेला ब्रश त्यांनी अन्नपूर्णेच्या अंगाखांद्यावर फिरवला, हे मी माझ्या तोंडाने सांगायचं? मग पिंजू बळीरामकडे आणि त्याच्याच फटफटीवर मागे मी. मी आत जाऊन चहा टाकला आणि साखर विसरले.

तसला दुसरा ब्रश मिळवायचा, एवढंच आता माझ्या हातात होतं. टपाल नाक्याजवळच्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "सुटं तोंड येत नाही ताई, अख्खं मशीन घ्या." भावेशला गाठलं. तो म्हणाला, मॅडम, हेड ऑफिसला कळवतो, आणि त्यानंतर तो आमच्या बिल्डिंगच्या समोरच्या रस्त्यानेसुद्धा जाईना. मग सत्यजीतने मनावर घेतलं. त्याच्या ओळखीचा काशीराम जहाजावर असायचा. त्याने बाहेरून आणलेलं एक तोंड आमच्याकडे आलं. त्याच्या डब्यावर हसऱ्या मांजराचं चित्र होतं. म्हणजे खास केसांसाठीच बनवलेलं. मी देवाला नाही, पण काशीरामला मनातल्या मनात नमस्कार केला.

ते आमच्या नळीला बसेना. परदेशी तोंड रुंद, आमची नळी बारीक. सत्यजीतने सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, वरून चिकटपट्टी मारली, आणि इंजिनियरच्या थाटात म्हणाला, "चालू कर." मी बटण दाबलं. तोंडाने सोफा सोडून पडदा धरला, पडद्याने दांडी धरली आणि दोन्ही मिळून खाली आले. पिंजू कॉटखाली गेला तो जेवायच्या वेळेलाही बाहेर येईना. त्याला मुळातच त्या यंत्राच्या आवाजाची धास्ती होती, आता तर ते नुसतं दिसलं तरी थरथरायचा. मी कॉटखाली डोकं घालून त्याला चुचकारत होते आणि मला बाबांची इतकी आठवण आली की तिथेच पडून राहावंसं वाटलं. हळदीकुंकू तोंडावर आलं होतं.

मग एक दिवस माझी ड्यूटी लवकर सुटली. जिना चढताना वरून यंत्राची घरघर ऐकू आली आणि त्या घरघरीच्या वर आईंचा आवाज, खणखणीत, रामरक्षेचा. मी म्हटलं, देव्हारा साफ चाललाय. दार लोटलं.

आई बाहेरच्या खोलीत फतकल मारून बसल्या होत्या. मांडीवर पिंजू पसरला होता, पोट वर करून, डोळे मिटून. एका हातात नळी, नळीला तो देवाचा ब्रश, आणि तो ब्रश पिंजूच्या पाठीवरून, मानेवरून, शेपटीवरून फिरत होता. रामरक्षा त्या त्याच्या कानाशी म्हणत होत्या, यंत्राचा आवाज दबेल इतक्या मोठ्याने. पिंजूची एक तंगडी सुखाने हलत होती.

मला पाहून त्यांनी श्लोक पुरा केला, मग यंत्र बंद केलं.

"केस सोफ्यावर पडू द्यायचे आणि मग सोफा विंचरायचा, ही तुमची पद्धत," त्या म्हणाल्या. "पडायच्या आधीच धरले तर? एवढं शिकलेली माणसं तुम्ही."

"पण आई, ब्रश देवाचा ना?"

"होता." त्यांनी ब्रशातला एक केस ओढून काढला. "पहिल्याच दिवशी मला याच्यात पांढरा केस दिसला होता. तू आधी कुठे फिरवलास ते मला कळलं. अन्नपूर्णेने काही तक्रार केली नाही, म्हणून मीही केली नाही. आता हा ब्रश पिंजूचा. देवाला माझं फडकंच बरं."

मी त्यांच्या शेजारी खाली बसले. पिंजू डोळा किलकिला करून पुन्हा झोपला.

"याला रामरक्षा आवडते," आई म्हणाल्या. "तुम्ही दोघं सकाळीच निघून जाता. दिवसभर घरात ऐकायला दुसरं आहे कोण?"

"मग ती बळीरामची अट?"

"अट अटच आहे. ताईच्या समोर केस निघाला तर मी तिला काय उत्तर देऊ? जन्मभर ऐकवेल. ऊठ आता, तो कोपरा राहिलाय."

त्यानंतर आम्ही दोघी घराला अक्षरशः जुंपलो. सकाळी त्या पिंजूवर ब्रश फिरवायच्या, संध्याकाळी मी सोफ्यावर. पिंजूला रामरक्षा इतकी अंगवळणी पडली की यंत्र बाहेर काढलं की तो स्वतःच मांडी शोधायचा. गौरीच्या पायऱ्या मांडल्या, दारात चैत्रांगणाची रांगोळी काढली, झोपाळ्यावर अन्नपूर्णा बसली. घरात शोधून केस मिळेना.

हळदीकुंकवाच्या दिवशी पिंजूला आतल्या खोलीत ठेवलं. शशीमावशी आली, खिडकीवरून बोट फिरवलं, चप्पल काढली. सोफ्यावर बसायच्या आधी तिने मखमलीवर तळहात घासला आणि तो उलटा करून पाहिला. काही नव्हतं. तिला जरा वाईटच वाटलेलं दिसलं. "कुत्रा पाळलाय म्हणे तुम्ही," ती म्हणाली, "पण घर ठेवलंय हो स्वच्छ." आईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण त्यांची मान ताठ झाली. मी आत जाऊन पिंजूच्या डोक्याची एक पापी घेतली.

बायका येत गेल्या. खोली भरली. पन्हं झालं, भिजवलेले हरभरे झाले, मी आंब्याची डाळ द्रोणातून फिरवली. आणि मावशीने पहिलाच घास उचलला तो तसाच धरून ठेवला.

डाळीतून तिने एक केस वर ओढला. हळूहळू, सगळ्यांना दिसेल असा. पांढरा. पिवळ्या डाळीवर तो इतका स्पष्ट दिसत होता की मी डोळे मिटून घेतले. कुठल्या तोंडातून निसटला, कुठून उडत आला, कोण जाणे. दाराबाहेर बळीरामच्या किटलीचा आवाज आला; आईंनी त्याला संध्याकाळी यायला सांगून ठेवलं होतं आणि तो वेळेवर आला होता. त्याच्या हातात दोरी होती.

"आशा," मावशी म्हणाली, "हा केस कुणाचा?"

सगळ्या बायका केसाकडे बघायला लागल्या.

"माझा," आई म्हणाल्या.

"तुझा?" मावशीने केस आणखी वर धरला. "पांढरा?"

"पांढराच. माझे केस कधीच पिकलेत ताई. मी काळी मेंदी लावते. बरीच वर्षं झाली."

मावशी त्यांच्या डोक्याकडे बघत राहिली. मग केसाकडे. "एवढासा?" ती म्हणाली.

"तुटला असेल," आई म्हणाल्या आणि पन्ह्याचा पेला खाली ठेवला. तेवढा एक अभिमान त्यांनी इतकी वर्षं जपला होता, आणि तो सगळ्या कॉलनीच्या बायकांसमोर, त्याच बहिणीसमोर, त्यांनी एका कुत्र्यासाठी खाली ठेवला होता.

मावशीने केस रुमालात पुसला. मग जरा पुढे सरकून, हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू, म्हणाली, "इतकी वर्षं मला आईवर गेलेत, आईवर गेलेत म्हणून जाळत होतीस होय? कुठली मेंदी लावतेस ते तरी सांगायचं." आणि ती हसायला लागली. मग आईही. मग सगळ्याच बायका, कारण त्यांच्यातल्या निम्म्या दर रविवारी तेच करत होत्या, ते एकमेकींना त्या दिवशी कळलं. डाळ मावशीने खाल्ली आणि पुन्हा मागून घेतली.

आई दारात गेल्या. बळीराम दोरी हातात गुंडाळत उभा होता. "काय वयनी, न्यायचा हाय ना?"

"कुणाला न्यायचंय? केस तर माझा निघाला."

बळीरामने आत बघितलं, हसणाऱ्या बायका बघितल्या. "मंग आता तुमाला नेऊ का गोठ्यावर?"

"डाळ खा आणि जा," आई म्हणाल्या आणि त्याच्या हातात द्रोण दिला. आतून पिंजू भुंकला.

सगळ्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात आईंना काही तरी सांगायला गेले आणि रडायलाच लागले. त्यांनी डाळीचं पातेलं माझ्यापासून लांब सरकवलं. "त्यात पडेल," त्या म्हणाल्या. "आज एवढं पुरे झालं."

रविवारी दुपारी बाथरूमचं दार उघडं होतं. "कीर्ती, मागचं मला दिसत नाही," त्यांनी आतून हाक मारली. "इतकी वर्षं अंदाजाने लावतेय. तू लाव." मी स्टुलामागे उभी राहिले. त्यांच्या मानेवर मुळाशी केस पांढरे शुभ्र होते, आणि उंबऱ्यावर पिंजू पाय पसरून झोपला होता. खांद्यावर एक केस चिकटला होता, मऊ, वळलेला. तो मी उचलला.

"कुणाचा गं?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"तुमचाच, आई," मी म्हटलं.